वसंतात लवकर लावलेले टोमॅटो: रात्री गोठतात की दुपारी भाजतात?

थंडी पुरती सरायच्या आत टोमॅटो लावले की ठरलेली तक्रार येते: "रोपं थंडीनं गेली." दर हंगामात हीच रोपं बघून आणि सावरून माझं एक ठाम मत झालं आहे. यातली बरीचशी रोपं थंडीनं जातच नाहीत. थंडीपासून वाचवायला घातलेल्या झाकणाखाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी भाजून निघतात. गोठलेलं पान आणि भाजलेलं पान संध्याकाळी सारखंच दिसतं: तपकिरी, चुरगळलेलं, वाळकं. मग माणूस आणखी जाड झाकण आणतो आणि उरलेली रोपंही घालवतो.

म्हणून उपायाला हात घालण्याआधी लक्षणं नीट वाचा.

लक्षणं

पानं सकाळी लवकर गडद हिरवी, काचेसारखी पारदर्शक, उकडून काढल्यागत दिसतात. ऊन चढलं की लोंबतात, दुपारपर्यंत काळपट होतात आणि मग वाळतात. हे गोठणं. पेशींमधलं पाणी गोठतं, पेशींचे पडदे फाटतात आणि बर्फ वितळला की आतला रस बाहेर झिरपतो. सुरुवात वरच्या, आकाशाकडे उघड्या पानांपासून होते, किंवा प्लास्टिकला चिकटलेल्या पानांपासून.

सकाळी पानं ठीक असतात, पण दुपारनंतर शिरांच्या मधे किंवा कडांना पांढुरके, कागदासारखे कोरडे डाग पडतात. हे भाजणं. जी बाजू उन्हाकडे किंवा झाकणाच्या माथ्याकडे आहे तिथेच डाग जास्त असतात.

दुपारी झाकणाखाली रोप मलूल होतं आणि संध्याकाळी सावरतं. हीदेखील उष्णताच, फक्त अजून वेळ गेलेली नाही.

सकाळीच रोप मलूल आणि माती मात्र ओलीचिंब असेल तर मुळं थंडगार चिखलात बसली आहेत. त्यांना पाणी ओढता येत नाही. अशा वेळी आणखी पाणी घालणं हा सगळ्यात वाईट उपाय.

पानांची खालची बाजू आणि खोड जांभळट होतं, वाढ थांबते, पण मर नाही. माती थंड आहे, मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही.

पानं लांबीच्या दिशेनं वर वळून नळीसारखी झाली, जाडसर झाली, पण रंग हिरवाच आहे. थंड रात्री आणि कडक दुपारी असल्या की टोमॅटो असं करतोच. काही करू नका.

फुलं देठाच्या सांध्याशी पिवळी पडून गळतात. किंवा महिनाभरानं फळं घड्या पडलेली, तळाशी खरखरीत व्रण असलेली निघतात. या फळांचं कारण तेव्हाच्या हवेत शोधू नका. फुलं उमलायच्या दोनतीन आठवडे आधी कळी तयार होत असताना पडलेली थंडी तिथे उमटलेली असते.

आता स्वतःला एकच विचारा: बिघाड पहिल्यांदा दिसला तो सकाळी की दुपारनंतर? हे माहीत नसेल तर आजपासून दिवसातून दोनदा बघा, सूर्य उगवताना आणि दुपारी. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

१. आधी नुसतं बघा

खर्च शून्य. कोणती रोपं गेली आणि कोणती वाचली याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सखल कोपऱ्यातली गेली आणि उंचावरची वाचली तर थंडी. थंड हवा जड असते, ती उताराने वाहत येऊन खोलगट जागी किंवा बंदिस्त कुंपणाच्या वरच्या अंगाला साचते. भिंतीलगतची वाचली असतील तरीही थंडीच, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. उलट भिंतीलगतचीच भाजली आणि उघड्यावरची ठीक असतील तर गुन्हेगार दुपार आहे.

आणि नकाशाच जुळत नसेल, म्हणजे एक रोप गेलं, शेजारचं ठणठणीत, पुढचं अर्धं गेलं, तर हवामान सोडा. रोग किंवा मुळांची कीड शोधायची वेळ आहे. रोगांबद्दल खाली लिहिलं आहे.

२. तापमापक रोपाच्या उंचीवर आहे का?

"अंदाजात तर ४ अंश म्हटलं होतं, मग गोठलं कसं?" हा प्रश्न मला इतरांपेक्षा जास्त वेळा ऐकावा लागतो. हवामान केंद्रावर हवेचं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, आडोशातल्या पेटीत मोजतात. तुमचं रोप वीतभर उंच आहे. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकतात. त्या थरातली हवा वरच्या हवेपेक्षा दोन ते चार अंशांनी, कधी त्याहूनही थंड होते. म्हणून अंदाजात ४ अंश, आकाश मोकळं, वारा नाही आणि हवा कोरडी, ही गोठण्याचीच रात्र समजा. ढगाळ रात्री तेच ४ अंश बहुधा निभावून जातात, कारण ढग उष्णता परत खाली पाठवतात.

कमाल आणि किमान दोन्ही नोंदवणारा साधा तापमापक घ्या आणि झाकणाखाली, पानांच्या उंचीवर ठेवा. दिवसा त्यावर सरळ ऊन पडू देऊ नका, नाहीतर तो हवेचं नाही, स्वतःच्या काचेचं तापमान सांगेल. जमलं तर दुसरा बाहेर, त्याच उंचीवर. दोघांतला फरक म्हणजे तुमच्या झाकणाची खरी लायकी. जाहिरातीपेक्षा तो आकडा माना.

आकडे वाचताना हे लक्षात ठेवा. शून्याच्या किंचित खाली टोमॅटोचं पान गोठतं. शून्य ते १० अंशांत ते मरत नाही, पण वाढ जवळजवळ थांबते आणि अशा रात्री लागोपाठ आल्या तर रोप खंगतं. रात्र १३ अंशांच्या खाली गेली की परागकण नीट तयार होत नाहीत, फळधारणा कमी होते. दुसऱ्या टोकाला ३० अंशांवर सावध व्हा आणि ३५ ओलांडू देऊ नका. त्यापुढे पराग निकामी होतात, आणि कोंदट झाकणाखाली पारा आणखी चढला की कोवळी पानं भाजतात.

३. झाकण कधी उघडता, कधी घालता?

बहुतेकांचा घोटाळा इथेच असतो, आणि दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही.

स्वच्छ उन्हात, बाहेर १५ अंशांची गार हवा असतानाही बंद पारदर्शक प्लास्टिकखाली ४० अंश सहज होतात. ऊन आत येतं, माती आणि पानं तापतात, तापलेली हवा वर जाते, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. बाहेर उभं राहून तुम्हाला स्वेटर हवासा वाटतो, म्हणून आत काय चाललं आहे याचा अंदाज येत नाही. सगळ्यात फसवी असते ती ढगाळ सकाळ. "आज ऊन नाही, राहू दे झाकलेलं" म्हणून माणूस कामाला जातो, अकराला ढग फाटतात आणि एका तासात काम तमाम.

माझा नियम असा: सूर्य वर आला आणि बाहेर १० अंशांच्या पुढे गेलं की झाकण उघडायचं, आकाश कसंही असो. दिवसभर घरी कोणी नसेल तर सकाळी निघताना अर्धवट उघडूनच जायचं. थोडी गार हवा लागली तर रोपाचा एक दिवस वाया जातो, बंद राहिलं तर रोपच जातं. उघडताना फट माथ्याशी हवी, किंवा कमानींवर झाकण टाकून केलेल्या बोगद्याची दोन्ही टोकं मोकळी हवीत. नुसती खालची कड एका बाजूला उचलली तर गरम हवा वरच अडकून राहते.

संध्याकाळी बरोबर उलटं. लोक अंधार पडल्यावर, गारठा जाणवल्यावर झाकण घालतात. तोवर मातीनं दिवसभर साठवलेल्या उष्णतेचा चांगला हिस्सा उडून गेलेला असतो. सूर्य मावळायच्या तासभर आधी, माती हाताला अजून कोमट लागते तेव्हाच झाका. झाकण स्वतः उष्णता निर्माण करत नाही, आत जे अडकवाल तेवढंच रात्रभर पुरवायचं आहे.

४. झाकण जमिनीला टेकतं का, आणि पानांना टेकतं का?

पहिल्याचं उत्तर "हो" हवं, दुसऱ्याचं "नाही".

रात्रीची ऊब मातीतून येते. झाकण रोपाच्या माथ्यावर घालून खाली खोडाभोवती बांधलं तर मातीची ऊब बाहेरच राहते आणि रोप आत उपाशी. झाकण तंबूसारखं सगळीकडून जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडा माती, विटा किंवा वाळूच्या पिशव्यांनी दाबल्या पाहिजेत. वाऱ्यानं एक कोपरा उचलला की आतली कोमट हवा काही मिनिटांत निघून जाते.

पान प्लास्टिकला टेकलं की त्या जागी ते बाहेरच्या थंडीशी थेट जोडलं जातं. शिवाय आतून जमलेले पाण्याचे थेंब तिथेच गोठतात. प्लास्टिकखालच्या रोपाचे फक्त शेंडे काळे पडले असतील तर दुसरं कारण शोधू नका. तारेच्या किंवा पाइपच्या कमानी लावा, पानं आणि झाकण यांत चार बोटं अंतर ठेवा.

५. झाकण कशाचं आहे?

साध्या पॉलिथिनबद्दल गैरसमज फार. ते वारा अडवतं, पण रात्री जमिनीतून निघणारी अदृश्य उष्ण किरणं त्यातून बऱ्यापैकी आरपार जातात. म्हणून शांत, निरभ्र रात्री पातळ कोरड्या प्लास्टिकखालचं तापमान बाहेरच्याइतकंच उतरलेलं दिसलं तर तापमापक बिघडलेला नाही. आतून पाण्याचा थर जमला की तो ही किरणं अडवतो आणि फरक पडतो.

न विणलेल्या कापडाचं, ज्याला क्रॉप कव्हर म्हणतात ते, रात्री जास्त भरवशाचं. दर चौरस मीटरला १७ ग्रॅमच्या आसपासचं हलकं कापड एक-दोन अंशांचा आधार देतं. ३० ते ५० ग्रॅमचं जाड कापड दोन ते चार अंशांचा. हवा आणि पाणी यातून जातं, त्यामुळे दुपारी उघडायचं राहिलं तरी प्लास्टिकइतका अनर्थ होत नाही. जाड कापड मात्र उजेड खातं, ते दिवसा काढायलाच हवं. दिवसभर लक्ष ठेवणं शक्य नसेल त्यांनी प्लास्टिकचा नादच सोडावा, असं मी स्पष्ट सांगतो. फार थंड रात्रीसाठी आत कापड, मधे हवा आणि बाहेर प्लास्टिक असे दोन थर करा. एकाच जाड थरापेक्षा मधली हवा जास्त उपयोगी पडते.

जुन्या चादरी, गोणपाट चालतात, पण कोरडे असेतोवरच. भिजले की जड होऊन रोपावर बसतात आणि गारठाही आत पोचवतात.

६. माती

मातीत बोट खुपसा. कोरडी, भुसभुशीत माती उष्णता धरत नाही, कारण तिच्यात हवाच जास्त असते. वाफशावरची, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, दाबून बसलेली माती दिवसा उष्णता खोलवर घेते आणि रात्री हळूहळू सोडते. थंड रात्रीचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी सकाळीच पाणी द्या, म्हणजे माती तापायला दिवस मिळेल. संध्याकाळी थंड पाणी ओतू नका आणि चिखलही करू नका.

पेंढ्याचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन या दिवसांत काढून ठेवा. उन्हाळ्यात ते मातीला गार ठेवतं, आत्ताही तेच करेल: दिवसा माती तापू देणार नाही आणि रात्री जी काही ऊब आहे ती वर पोचू देणार नाही. माती चांगली तापली की ते परत पसरा.

सकाळच्या वेळी, दहा सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान १५ अंश हवं. त्याच्या खाली लावलेलं रोप जगलं तरी बसून राहतं, आणि पंधरवड्यानं लावलेलं रोप त्याला गाठून पुढे जातं. जांभळी पानं दिसली की लोक स्फुरदयुक्त खत घालतात. स्फुरद मातीत बहुधा असतंच, गार मुळांना ते उचलता येत नाही एवढंच. माती तापली की नवी पानं हिरवी येतात.

७. रोप काटक केलेलं होतं का?

रोपवाटिकेतून किंवा खिडकीतून थेट उन्हावाऱ्यात गेलेलं रोप दोनच दिवसांत पांढरं पडतं आणि त्याचं खापर थंडीवर फुटतं. सात ते दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवा. आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात, मग पूर्ण उन्हात. पाणी जरा हात राखून. काटक रोप गोठण्यापासून वाचत नाही, हे लक्षात असू द्या. टोमॅटोला ती कला नाहीच. ऊन, वारा आणि गारठा मात्र ते निभावून नेतं.

८. पाण्याचा साठा

इथून पुढे थोडा खर्च आणि मेहनत. पाण्यानं भरलेल्या गडद रंगाच्या बाटल्या रोपाभोवती, झाकणाच्या आत ठेवा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून शून्यापर्यंत उतरताना साधारण १०५ किलोजूल उष्णता सोडतं. गोठताना त्यावर आणखी ३३४ किलोजूल. म्हणजे सकाळी बाटलीत बर्फाचा थर दिसला तर तिने आपलं काम केलं आहे. दिवसा याच बाटल्या उष्णता शोषतात, त्यामुळे दुपारचा चढही थोडा सौम्य होतो. रात्र आणि दुपार दोन्हीकडे उपयोगी पडणारा एवढा एकच उपाय मला ठाऊक आहे. मात्र झाकण उघडण्यातून सुटका यानेही नाही. बाटलीत वर थोडी जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं.

झाकणाखाली फुलं आली असतील आणि तापमान ठीक असूनही गळत असतील तर वारा कमी पडतो आहे. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, पण पराग झडायला हलावं लागतं. दुपारच्या सुमारास आधाराच्या काठीला टिचकी मारा.

जे करू नका

धूर. पुष्कळजण करतात. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्ण किरणं त्यांनी फारशी अडत नाहीत. थोडीफार मदत होते ती आगीच्या उष्णतेची, धुराची नव्हे. बंद बोगद्यात कोळसा किंवा शेगडी तर मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि सकाळी झाकण उघडायला जाणारे तुम्हीच असता.

गोठलंच तर

उपटू नका, छाटू नका, खत घालू नका. चारपाच दिवस थांबा. खोड टणक आणि हिरवं असेल तर शेंडा मेला तरी पानांच्या बेचक्यातून फुटवा येतो. तो वाढू द्या, मग वरचं वाळकं कापा. खोड सर्वांत खालच्या पानाच्याही खाली काळं, मऊ झालं असेल तर नवं रोप लावा. रोप कलमी असेल तर फुटवा जोडाच्या वरून आला आहे ना ते बघा. खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या मुळाकडच्या रोपाचा, त्याला हवं ते फळ येणार नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

थंड, ओलसर हवेत पानांवर गडद, पाणी भरल्यासारखे डाग दिसले, ते रोज पसरत गेले आणि पहाटे पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली, तर तो उशिरा येणारा करपा असू शकतो. गोठल्याचा डाग एका रात्रीत पडतो आणि तिथेच थांबतो, करपा थांबत नाही. तो शेजारच्या टोमॅटो-बटाट्यावरही जातो, म्हणून अंदाजानं फवारण्या करत बसू नका, त्याच दिवशी कृषितज्ज्ञाला दाखवा. रोप एकाच बाजूनं कोमेजलं आणि खोड कापल्यावर आत तपकिरी रेषा दिसली, तरीही तज्ज्ञालाच दाखवा. नवी पानं पिवळी, लहान, वाकडी येऊ लागली तर विषाणू किंवा उडून आलेलं तणनाशक. या दोन्हीला झाकण हा उपाय नाही.

मोठ्या क्षेत्रावर तुषार सिंचनानं गोठणं टाळता येतं, पण ते स्वतःच्या अंदाजानं सुरू करू नका. पाणी बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू ठेवावं लागतं. मधे बंद पडलं, किंवा हवा फार कोरडी असताना सुरू केलं, तर बाष्पीभवनानं पान आणखी थंड होतं आणि काहीच केलं नसतं तर झालं असतं त्याहून जास्त नुकसान होतं. शिवाय बर्फाचं वजन कोवळी खोडं मोडतं. पंपाची क्षमता आणि सुरू करायची वेळ जाणकारांकडून ठरवून घ्या. बोगद्यात विजेचा हीटर किंवा उष्ण तार बसवायची असेल तर जोडणी वीजतंत्रज्ञाकडूनच करवा. ओली माती, दमट हवा आणि उघडा जोड एकत्र येऊ देऊ नयेत.

तज्ज्ञाकडे जाताना एखादं तुटकं पान नेऊ नका. नुकतं आजारी पडलेलं, अजून पूर्ण न मेलेलं रोप मुळांसकट, थोड्या मातीसह, कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ते वाटेतच कुजतं. शेजारच्या निरोगी रोपाचा फोटो, गेल्या आठवड्यातले कमाल-किमान तापमानाचे आकडे आणि झाकण रोज किती वाजता उघडलं याची नोंदही सोबत ठेवा. पहिला प्रश्न तोच विचारतील.